ट्रेडलपुढची बाई

मशीनमधून पहिला कागद निघाला की ती तो आधी उलटा करायची. पुढं काय छापलं ते नंतर. पाठीवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "पाठ पाहू द्या." अक्षरं मागून बोटाला टोचली तर दाब जास्त झाला. काहीच लागलं नाही तर कमी झाला. लागल्यासारखं वाटलं पाहिजे, बस.

त्या दिवशीही तिनं तेच केलं. काम मंडईच्या नाटकाच्या तिकिटांचं होतं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पोस्टर आता रंगीत येतात, मोठ्या मशीनवरची. पण तिकिटावर नंबर टाकायला अजून माझ्यासारखं जुनं काहीतरी लागतं. मी बाजूला उभा राहून पायानं पावडी मारत होतो, ती पुढं उभी राहून कागद लावत होती.

"अजी, हळू मारा ना. बैलं पळवाले शंकरपट आहे का हा?"

"तुले जमत नाई असं सांग ना."

"मले जमते. मशीनले दम लागून राह्यला."

मी पाय हळू केला. ती हसली नाही, पण तिचा हात परत लयीत आला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. तिकिटं अर्धीच झाली. बाकीची मंडळानं दुसरीकडून करून घेतली.

मला हे लिहायला कंपनीनं सांगितलं आहे. कंपनी म्हणजे चांद्याची. तुम्ही तिचा पेपर वाचत असाल, तिचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर असेल, तुमच्या पोरांनी तिच्या गाइडा वाचून दहावी काढली असेल. आता तिचं चॅनल आहे, मोबाइलवर बातम्या आहेत, आणखी काय काय आहे ते मला धड सांगताही येत नाही. या सगळ्याचा इतिहास छापायचा आहे म्हणे. पहिल्या मालकांचे नातू आता कारभार पाहतात. ते म्हणाले, "काका, आपल्या पहिल्या मशीनबद्दल दोन पानं लिहा. तुमच्या भाषेत लिहा." मी चौथी शिकलो. मशीनबद्दल लिहायला बसलो की मशीनपुढं तीच उभी दिसते. ती हलत नाही आणि मला मशीन दिसत नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहितो. नको असेल तर काढून टाका.

त्यांना मशीनही पाहिजे. चांद्याला त्यांची नवी इमारत झाली, तिच्यात शिरल्याबरोबर मोठा हॉल आहे. तिथं काचेच्या पेटीत ही ट्रेडल ठेवायची आणि खाली पितळी पाटी लावायची, असा बेत. मी सरळ सांगतो, मला द्यायची होती. तिला द्यायची नव्हती. शेवटपर्यंत आमचं यावरून जमलं नाही. नातवाला माझं उत्तर अजून मिळालेलं नाही. ते यातच आहे, त्यांनी वाचून घ्यावं.

सुरुवात टिनाच्या एका खोलीत झाली. चांद्याच्या परकोटाच्या आत, गल्लीच्या टोकाला. मालक स्वतः बातम्या लिहायचे, एक जण खिळे जुळवायचा, मी मशीन चालवायचो. पेपर आठवड्यातून एकदा निघायचा. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायची मशीन. एक मोठं चाक, एक पावडी, आणि समोर लोखंडी जबडा उघडतो-मिटतो. उघडला की छापलेला कागद एका हातानं काढायचा, कोरा दुसऱ्या हातानं लावायचा, आणि मिटायच्या आत हात बाहेर. एवढंच काम. दिवसभर तेच.

ती घडी घालायला आली. तिचा बाप कोळशाच्या खाणीत होता. घरात खाणारी तोंडं बरीच, म्हणून ही प्रेसमध्ये. हातात बांबूची गुळगुळीत पट्टी, जमिनीवर मांडी घालून बसायची, पेपर दुमडायचा, पट्टी फिरवायची, बाजूला. ती माझ्या मागं बसायची. म्हणजे मी तिला पाहत नव्हतो, ती मला दिवसभर पाहायची. तेही फक्त पाठीकडून.

आमच्या लग्नाचं मालकांनीच काढलं. दोघंही एकाच समाजाचे, दोघांचीही घरं जवळ. मालकांनी तिला विचारलं, "काय वं, पोरगा कसा वाटते?"

ती म्हणाली, "पाठ चांगली आहे. तोंडाचं तुम्हीच सांगा."

मालक हे लोकांना सांगत फिरायचे. मला राग यायचा. नंतर नाही यायचा.

लग्न झाल्यावर दोन-चार वर्षांत माझी बोटं गेली. जबडा मिटला तेव्हा हात आत राहिला. कोणाची चूक नव्हती, माझं लक्ष नव्हतं. तीन बोटांचे शेंडे सपाट झाले. तेव्हापासून मला कागद धरता येतो, पण पटकन लावता येत नाही. मालकांनी मला कामावरून काढलं नाही. तीच उठून मशीनपुढं आली. "तुम्ही पाय मारा, मी हात मारतो," म्हणाली. ती कधी कधी स्वतःबद्दल असं, पुरुषासारखं, बोलायची, आमच्याकडं बायका बोलतात. पुढं तिचे गुडघे गेले. मग तर दोघांचा मिळून एकच कामाचा माणूस उरला. पण तो पूर्ण होता.

आता तेरवीच्या पत्रांची गोष्ट सांगतो, कारण ती कंपनीच्या पुस्तकात येणार नाही.

नवीन काम मशीनवर चढवलं की पहिले दहा-वीस कागद वाया जातात. दाब बसवायचा असतो, शाई सारखी करायची असते. कोरा कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून आम्ही जुन्या हँडबिलांच्या कोऱ्या बाजूवर ते काढायचो. तिचीच ही रीत. एकदा गावातल्या मोठ्या किराणावाल्याचा बाप गेला. तेरवीची पत्रं आमच्याकडं आली. काळी चौकट, वर 'दुःखद'. आम्ही दाब बसवला, पत्रं छापली, गठ्ठा बांधून दिला. आणि त्या गठ्ठ्यात वाया गेलेले कागद मिसळून गेले. म्हणजे पुढून तेरवीचं पत्र आणि मागून नाटकाचं हँडबिल. हँडबिलावर मोठ्या अक्षरात, 'हसून हसून पोट दुखेल. बायकांसाठी बसण्याची वेगळी सोय.'

चूक तिची होती. ती म्हणायची माझी. या गोष्टीवरून आम्ही म्हातारपणापर्यंत भांडलो आणि हसलो.

मालकांना कळलं. सायकल काढली आणि घरोघर जाऊन ती पत्रं परत मागत फिरले. दुपार गेली. परत आले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. चहा मागवला. मग म्हणाले, "एक घर पत्र देत नाही."

तिनं भीतभीत विचारलं, "काऊन?"

"नाटक कोणत्या गावी आहे ते त्यांनी अजून वाचलं नाही म्हणे."

कंपनीच्या पुस्तकाचा नमुना मला दाखवला. त्यात मालकांचा सायकलवरचा फोटो आहे. खाली लिहिलं आहे की त्यांनी गावोगाव सायकलनं फिरून बातम्या गोळा केल्या. खरं आहे. केल्याच. पण एक दिवस तेरवीची पत्रंही गोळा केली, आणि ते जास्त अवघड होतं.

पुढं पेपर वाढला. प्रेसवरची पाटी दर काही वर्षांनी बदलायची. आधी नुसतं पेपरचं नाव होतं. मग मालकांची पोरं हाताशी आली आणि पाटीवर 'अँड सन्स' आलं. तिनं पेंटरला त्याचा अर्थ विचारला. मग थेट मालकांकडं गेली.

"तुमाले पोरगी बी आहे ना? ते कुठी गेली?"

मालक म्हणाले, "अगं, धंद्यात तसंच लिहितात."

"लिहा. मी नुसतं विचारून राह्यली."

काही वर्षांनी 'प्रायव्हेट लिमिटेड' झालं. पाटी चढवताना मालकांनी तिला मुद्दाम बोलावलं. "आता सन्स काढलं. आता बरोबर?" ती पाटीकडं पाहत राहिली. म्हणाली, "पोरं बी काढली का तुम्ही?" सगळे हसले. मालक सगळ्यात जास्त हसले. त्या माणसाची ही गोष्ट मला आवडायची. त्याला बोललेलं चालायचं.

पेपर रोजचा करायचा ठरला आणि ऑफसेट आली. खोलीएवढी मशीन. तिच्यावर आम्हा दोघांचं काही काम नव्हतं. मला कागदाच्या गोदामात लावलं, तिला परत घडीवर. ट्रेडल भिंतीला लागून उभी केली आणि एक दिवस कबाडी तिला पाहायला आला. तो हातोडीनं ठोकून पाहत होता की लोखंड किती निघेल. ती घडीवरून उठली, हातातली बांबूची पट्टी तशीच घेऊन मालकांच्या टेबलापाशी गेली.

"कबाडीले काऊन देता? मले द्या."

"तू काय करशील तिचं?"

"चालवीन."

"कुठं?"

"सिंदेवाहीले. सासऱ्याची जागा आहे तिथी. लग्नपत्रिका, पावतीबुकं, जे येईन ते."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मान हलवली. काय करणार?

मालकांनी मशीन दिली. नुसती दिली. पेपरमिलमध्ये बांबू उतरवून रिकामा परत निघालेला एक ट्रक मिळाला. मशीन दोरांनी बांधली. मी पुढं ड्रायव्हरपाशी बसलो, ती मागं मशीनपाशी. मूल गावाच्या पुढं जंगल लागलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "बाईले पुढं बोलवा ना, मागं धूळ खाऊन राह्यली." मी आवाज दिला. ती आली नाही. सिंदेवाहीला उतरली तेव्हा भुवयांसकट पांढरी झाली होती. आमची लेक तेव्हा लहान होती, ती आईला पाहून रडायला लागली.

मग आयुष्यभर आम्ही तेच केलं. बसस्टँडमागं घर, घराच्या मागं लागूनच मशीनची खोली. धान उत्पादकांची पावतीबुकं, तेंदूपत्ता जिथं मोजून घेतात त्या फडीची कार्डं, लग्नं, मंडई, शंकरपट. कंपनीशी संबंध तुटला नाही. त्यांच्या पेपरची, गाइडांची, कॅलेंडरची एजन्सी आम्ही घेतली. त्यांचं जे जे नवीन निघालं ते आमच्या फळीवर आलं. सुरुवातीला नुसता पेपर. मग शाळेच्या वह्या, मग गाइड, मग कॅलेंडर. चॅनल निघालं तेव्हा फळीवर ठेवायला काही नव्हतं, तर त्यांनी स्टिकर पाठवले. ती म्हणाली, "हे काऊन ठेवू? याले पाठच नाई." स्टिकरची पाठ चिकट असते, तिला ते पटायचं नाही.

कॅलेंडरचा किस्सा तेवढा सांगतो. पहिल्या वर्षीचं कॅलेंडर आलं. तिनं सवयीनं आधी मागून पाहिलं, मग पुढून, एकेक पान. नागपूरच्या दीक्षेचा दिवस छापला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी चांद्याला दीक्षा झाली, तो दिवस नव्हता. चांद्याच्या कंपनीचं कॅलेंडर आणि चांद्याचाच दिवस नाही. तिचा बाप त्या दिवशी तिथं उभा होता, चांद्याला. ती लाल पेन घेऊन बसली आणि आलेल्या सगळ्या कॅलेंडरांवर त्या तारखेला गोल करून खाली लिहिलं. तिचं अक्षर वाकडं. मी म्हणालो, "गिऱ्हाईक घेनार नाई असं खराब केलेलं."

"नाई घेतलं तर नाई घेतलं."

घेतलं. आमच्या लोकांनी तर मागून घेतलं, "लाल गोलवालं द्या" म्हणून. पुढल्या वर्षी नातू, तेव्हा नवीनच कामाला लागलेले, स्वतः नवं कॅलेंडर घेऊन आले. तारीख छापली होती. "काकू, झालं का समाधान?"

तिनं डोळे बारीक केले. "इतकं बारीक काऊन छापलं रे बाबू? उंदरानं लिहिल्यासारखं."

तो मुलगा चांगला आहे. मी उगाच वाईट लिहिणार नाही. तिला मानायचा, तिच्या हातचा चहा घ्यायचा. कंपनी त्याच्या हातात आली तशी ती पसरली, आणि पसरता पसरता त्याला आजोबांची आठवण यायला लागली. माणूस मोठा झाला की त्याला लहानपणीची खोली आठवते. तसंच कंपनीचं असेल. तेव्हा इतिहासाचं निघालं, पुस्तकाचं निघालं, आणि एक फिल्म काढायचं निघालं.

फिल्मवाले आमच्याकडं आले. तिला मशीनपुढं उभं केलं, तोंडावर उजेड मारला. एक पोरगी विचारू लागली, "काकू, त्या काळात काम करताना तुमच्या मनात काय भावना असायच्या?"

"पाय दुखे."

"नाही म्हणजे, अभिमान वाटायचा ना?"

"वाटत असंल. बसल्यावर वाटला असता. बसू कोन देते?"

पोरगी हसली. कॅमेरावालाही हसला. फिल्ममध्ये ते नाही. फिल्ममध्ये तिचे हात आहेत, कागद लावताना, आणि मागं बासरी वाजते. हात छान दिसतात, ते मात्र खरं.

मग सोहळ्याला बोलावलं. आम्ही एसटीनं चांद्याला गेलो. ती हिरव्या काठाची पांढरी साडी नेसली होती. इमारतीत शिरलो तर पायाखाली आपलं तोंड दिसावं अशी फरशी. आणि हॉलच्या मधोमध, एका गोल ओट्यावर, मालकांची सायकल. तिला सोनेरी रंग मारला होता. टायरसकट. वरून एक दिवा तिच्यावर सोडलेला.

लोक पुढून फोटो काढत होते. ती फिरून मागं गेली. खाली वाकायला तिला त्रास व्हायचा, तरी वाकली. मग पहारेकऱ्याला विचारलं, "भाऊ, याची चेन कुठी गेली?"

"बाई, ते शोची आहे. चेन नाई लागत तिले."

"अन् ब्रेक?"

"जाग्यावरच उभी आहे ना. ब्रेक काऊन पाहिजे?"

ती कमरेला हात देऊन सरळ झाली. आम्हाला शाल मिळाली, नारळ मिळाला. नातवानं माइकवरून सांगितलं की आपली पहिली मशीन आजही काका-काकूंनी जपून ठेवली आहे आणि लवकरच ती इथं, या हॉलमध्ये आपल्याला पाहायला मिळेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ती शालीच्या गोंड्यांशी खेळत बसली होती.

परतीच्या एसटीत मूल गाव येईपर्यंत ती नारळ मांडीवर धरून बसली होती. मग खिडकीबाहेर पाहत बोलली.

"त्या सायकलीवर मालकानं तुमाले दवाखान्यात नेलं होतं. बोटं गेली तवा."

"आठवते."

"तुमाले काय आठवते? तुम्ही डोळे मिटून बसले होते मागं. मी सायकलीमागं पळून राह्यली होती. चेन पडे सारखी. मालक उतरत, चेन चढवत, पुन्हा बसत. हात काळे झाले होते त्याईचे. अन् म्हणत जात, झालं रे, झालं, आलंच." ती थांबली. "अन् यायनं चेनच काढून टाकली."

मी म्हणालो, "अवं, पाहासाठी ठेवली आहे ते."

"आपली मशीन बी अशीच करतीन."

"करतीन तर करतीन. कबाडीपेक्षा बरी ना?"

"ते चालते अजून."

"आपण चालून राह्यलो का? माझा पाय सुजते. तुझे गुडघे गेले. आपल्यानंतर लेक चालवनार आहे का नागभीडहून येऊन? काचेत राह्यली तर चार लोक पाहतीन तरी."

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "चालते तोवर नाई देत मी. बंद पडली का त्याच दिवशी फोन लावा. मी एक शब्द नाई बोलनार."

नातवालाही तिनं हेच सांगितलं. तो दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, चहा घ्यायचा, मशीनवर हात फिरवायचा. "काकू, आता?" ती म्हणायची, "चालते रे बाबू." आणि त्याच्यासमोर एक कागद काढून दाखवायची. तो कागद उलटा करून पाहायचा. तिनंच त्याला शिकवलं होतं. मग निघून जायचा.

माझा धीर सुटत चालला होता. खरं सांगतो, मला पावडी मारायचा कंटाळा आला होता. सकाळी उठून पेपर वाचत बसावं, दुपारी झोपावं, असं वाटायचं. एकदा मी चिडून म्हणालो, "मी आधी गेलो तर ठेव तू. तू आधी गेली तर मी दुसऱ्या दिवशी देऊन टाकतो, पाहाच."

ती भाकरी थापत होती. वर पाहिलंच नाही. "द्या ना. मी पाहाले येनार आहे का?"

आम्ही असं बोलायचो. मरणावरून बोलणं आमच्यात भांडणातलं साधं बोलणं होतं. दोघांनाही वाटायचं की आधी आपणच जाणार. मला तर खात्री होती.

तिकिटांच्या त्या दिवशी दुपारी ती मधेच थांबली. कागद तिच्या हातात होता, जबडा उघडा होता, आणि तिनं कागद लावलाच नाही. मी पाय थांबवला.

"काय झालं?"

"जरा बसतो."

ती कागदाच्या रिमावर बसली. रिमावर कधी बसत नसे, कागदाला मुरड पडते म्हणून. मी पाणी आणलं. तिनं घेतलं नाही. छातीवर हात ठेवून म्हणाली, "गरम होऊन राह्यलं." थंडीचे दिवस होते. मी शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली. दवाखान्यात डॉक्टरनं जे करायचं ते सगळं केलं. धावपळ केली त्यानं. दिवस मावळायच्या आत ती गेली. मला वाटलं होतं काही बोलेल. बोलली नाही. माझ्या दंडाला धरून होती, पकड सैल झाली तेव्हा मला कळलं.

अंधार पडायच्या आत घरी आणली. लेक आणि जावई नागभीडहून आले. विहारातले लोक आले. मी बसून होतो. लोक येत होते, बसत होते, मी मान हलवत होतो. मशीनची मला आठवणही नव्हती.

सकाळ झाली. दहाला न्यायचं ठरलं होतं. विहारातली माणसं पांढरे कपडे घालून अंगणात जमायला लागली होती. मी तोंड धुवायला मागं गेलो तर मशीनच्या खोलीचं दार उघडं दिसलं. आदल्या दिवशी घाईत उघडंच राहिलं होतं. आत गेलो.

मशीन आम्ही सोडली तशीच होती. जबडा उघडा. रुळांवर शाई. मी बोट लावलं. शाई घट्ट झाली होती, साय धरल्यासारखी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. काम संपलं की रूळ त्याच दिवशी धुवावे लागतात. शाई रुळावर वाळली की रबराचं कातडं जातं, आणि या मशीनचे रूळ आता कुठं मिळत नाहीत. रूळ गेले की मशीन गेली. थंडीमुळं एक रात्र निभली होती. आता ऊन वर आलं असतं, दुपारी सगळं दगड झालं असतं.

मला काही करायचं नव्हतं. नुसतं बाहेर जाऊन बसायचं होतं. संध्याकाळपर्यंत मशीन आपोआप बंद पडली असती. तिची अट पुरी झाली असती. मी नातवाला फोन केला असता, आणि ती म्हणाली होती तसं, एक शब्द बोलली नसती. कोणी मला नाव ठेवलं नसतं. आज तर नाहीच.

मी फळीवरून रॉकेलची बाटली काढली. तिची जुनी साडी फाडून केलेल्या चिंध्या कोनाड्यात होत्या, त्या घेतल्या. पहिला रूळ पुसायला लागलो. शाई निघत नव्हती. रॉकेल टाकायचं, थांबायचं, पुसायचं. रूळ फिरल्याशिवाय मागची बाजू हाताला येत नाही, आणि मला एका वेळी चाक फिरवून पुसता येत नाही, बोटांमुळं.

लेक मला शोधत आली. दारात उभी राहिली.

"बाबा, लोक आले. काय करून राह्यले हे?"

"रूळ धुतो."

"आज?"

मी रुळावर आणखी रॉकेल टाकलं. दुसरी चिंधी घेतली. मला वाटलं आता रडेल किंवा जावयाला हाक मारेल. तिनं पदर खोचला, आत आली आणि मोठं चाक दोन्ही हातांनी धरलं. हळूहळू फिरवायला लागली. रूळ माझ्यासमोर फिरत आला. मी पुसत गेलो. ती फिरवत गेली. बाहेरून कोणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारली. तिनं 'ओ' दिली नाही.

तिन्ही रूळ धुतले. शाईची थाळी पुसली. चिंध्या मागं नेऊन टाकल्या.

मग हात धुतले. साबण लावला, माती लावली. नखांतली शाई गेली नाही. तसाच घरात गेलो आणि तिच्यापाशी बसलो.